फ्लॅश गॉर्डन (१९८०) : गरम गारांचे बटण आणि अत्यंत गंभीर माणसे

ठाकुरद्वारकर (मूळ धागा)

माइक हॉजेस यांनी दिग्दर्शित केलेला 'फ्लॅश गॉर्डन' हा १९८० सालचा इंग्रजी चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला. प्रदर्शनाला ४० वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२० साली त्याची स्वच्छ केलेली नवी प्रत काढण्यात आली. मी ती प्रत पाहिली, त्यामुळे लाल आणि सोनेरी रंग डोळ्यांत घुसत होते. लहानपणी पाहिलेली प्रत याच्या अगदी उलट होती. आमच्या गिरगावातील चाळीत मे महिन्याच्या सुट्टीत बिऱ्हाडे वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणत असत. आधी मोठ्यांचे हिंदी चित्रपट लागत आणि मुलांची कॅसेट पहाटेकडे, म्हणजे निम्मी मुले झोपून गेल्यावर लावली जाई. ती कॅसेट इतकी झिजलेली होती की लाल रंग पात्रांच्या कपड्यांबाहेर सांडत असे आणि पडद्याच्या वरच्या कडेला एक पांढरी पट्टी सतत थरथरत असे. तरीही जागे राहिलेले आम्ही सर्वजण मोंगो ग्रहावर पोहोचलो होतो, यात मला आजही शंका नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. मोंगोचा सम्राट मिंग निव्वळ कंटाळा आला म्हणून पृथ्वीवर संकटे पाठवतो. न्यूयॉर्क जेट्स या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळणारा फ्लॅश, विमानात योगायोगाने त्याच्याबरोबर असलेली डेल आर्डेन आणि सर्वांनी वेड्यात काढलेले शास्त्रज्ञ डॉ. झार्कोव हे तिघे झार्कोव यांच्या घरगुती यानातून थेट मिंगच्या दरबारात जाऊन पडतात. पुढे एकमेकांचे हाडवैरी असलेले वनवासी लोक आणि पंखवाले लोक यांना एकत्र आणून फ्लॅश मिंगची सत्ता उलथवतो.

मला बोलायचे आहे ते मुख्यतः पहिल्याच प्रसंगाविषयी. सोनेरी मुखवटा घातलेला गुप्तहेरप्रमुख क्लायटस कंटाळलेल्या मिंगला पृथ्वी नावाचा कोणालाही फारसा ठाऊक नसलेला एक गोळा दाखवतो. मिंगसमोरच्या फलकावर भूकंप, चक्रीवादळ अशी एकेका आपत्तीची बटणे आहेत आणि त्यांतील एकावर चक्क 'गरम गारा' असे लिहिलेले आहे. विश्वाच्या सम्राटाने हे बटण कोणाकडून बसवून घेतले असेल, त्यावर इंग्रजी अक्षरे कोणी रंगवली असतील आणि गरम असलेल्या गारा खाली पोहोचेपर्यंत वितळत कशा नाहीत, असले प्रश्न आता मनात येतात आणि मी मोठ्याने हसतो. त्या पहाटे आमच्यापैकी कोणीही हसले नव्हते. आम्हांला गरम गारांची भीती वाटली होती.

याचे कारण शोधताना मी मिंगची भूमिका करणाऱ्या मॅक्स फॉन सिडो यांच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबतो. हे तेच नट, ज्यांनी इंगमार बर्गमन यांच्या १९५७ सालच्या चित्रपटात मृत्यूशी बुद्धिबळ खेळणाऱ्या सरदाराची भूमिका केली. ते ज्या गांभीर्याने मृत्यूसमोर बसले होते, त्याच गांभीर्याने ते हे बटण दाबतात. भुवईसुद्धा हलत नाही. पटकथाकार लोरेन्झो सेंपल ज्युनियर हे १९६६ च्या 'बॅटमॅन' या दूरचित्रवाणी मालिकेचे लेखक, त्यामुळे संवाद विनोदी आहेत हे लिहिणाऱ्याला पूर्ण ठाऊक होते. पण बोलणाऱ्यांनी ते ठाऊक असल्याचे एकदाही दाखवलेले नाही. मिंग आणि डेल यांच्या विवाहाचा प्रसंग घ्या. कंटाळा येईपर्यंत वधूला अंतराळात भिरकावून देणार नाही, अशी शपथ पुरोहित मिंगकडून अत्यंत प्रसन्न स्वरात घेतो आणि बाहेर आकाशात सर्व प्रजेने आनंद करावा, न केल्यास मृत्युदंड, अशी घोषणा फडकत असते. हुकूमशाहीवरचा इतका नेमका विनोद मी फारच थोड्या 'गंभीर' चित्रपटांत पाहिला आहे.

माझा पुतण्या महाविद्यालयात शिकतो. तो शेजारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत हसला आणि शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही लहान होतात म्हणून तुम्हांला फसवता आले." मला हे मान्य नाही. लहानपणी आम्ही हसलो नाही ते चित्रपटाचे यश होते, असे माझे मत आहे. इतरांना काय वाटते?

किंग्जसर्कल

धागा उत्तम आहे. माझी आणि फ्लॅशची ओळख मात्र पडद्यावर झाली नाही, ती कागदावर झाली, आणि मुंबईतल्या माझ्या वयाच्या बहुतेकांची तशीच झाली असावी. बेनेट कोलमनच्या इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघत होत्या आणि मराठीतही येत असत. वेताळ (फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक यांच्या जोडीने फ्लॅश गॉर्डनचेही अंक असत. नवा अंक घेण्याइतके पैसे नसल्याने माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी ते शोधत असे. वेताळाचे अंक लगेच संपत, फ्लॅशचे उरत. त्यामुळे माझ्या संग्रहात फ्लॅश अधिक जमला. आवडीनिवडीमागे असलीही कारणे असतात.

अलेक्स रेमंड यांनी ही चित्रकथा ७ जानेवारी १९३४ रोजी सुरू केली. तिच्यातील मोंगो म्हणजे शास्त्रीय अर्थाने ग्रह नव्हेच; तेथे किरणबंदुका आहेत आणि तलवारीही आहेत, अंतराळयाने आहेत आणि राजवाडेही आहेत, गुप्तहेरांच्या शेजारी राजकन्या आहेत. १९८० च्या चित्रपटाची वेशभूषा आणि नेपथ्य दानिलो दोनाती यांचे आहे. त्यांना वेशभूषेसाठी दोनदा ऑस्कर मिळाले होते, 'रोमिओ अँड ज्युलिएट' आणि इटालियन दिग्दर्शक फेलिनींचा 'कॅसानोव्हा' या चित्रपटांसाठी. असा माणूस अंतराळवीरांना रुपेरी विजारी चढवून गप्प बसणार नाही, हे उघड आहे. त्यांनी रेमंड यांची चौकट उचलून ती झगमगत्या कापडात उभी केली. पुष्कळांना चित्रपट 'खोटा' वाटतो, कारण ते त्याची तुलना अंतराळाशी करतात. मी त्याची तुलना कागदाशी करतो आणि मला तो अतिशय खरा वाटतो.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. जॉर्ज ल्यूकस यांना मुळात फ्लॅश गॉर्डनच करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचे विश्व रचले आणि १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला. त्याच्या आरंभी पडद्यावर दूर सरकत जाणारा मजकूर हा १९३० च्या दशकातील फ्लॅश गॉर्डनच्या भागश: दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांवरून घेतलेला आहे. तीन वर्षांनी निर्माते दिनो दे लॉरेंतिस यांनी खरा फ्लॅश पडद्यावर आणला, तेव्हा प्रेक्षकांना तो नकलेसारखा वाटला. गंमत अशी की दोन्ही चित्रपटांचे छायालेखक एकच होते, गिल्बर्ट टेलर. म्हणजे त्याच डोळ्याने एकदा धुळकट, तेलकट, वापरलेले अंतराळ टिपले आणि एकदा नुकतेच रंगवलेले. भडकपणा हा अज्ञानातून आलेला नव्हता, ठरवून केलेला होता, याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

पार्लेपूर्व

वरील दोन्ही प्रतिसाद आनंदाने वाचले, तरी थोडा विरोधी सूर लावते. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यानंतर, एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर, म्हणजे बालपणाचे कर्ज माझ्यावर नाही. मला त्यात दिसले ते असे: नायक लाकडी आहे, पंखवाल्यांना लटकवणाऱ्या तारा दिसतात, दरबारातील हाणामारी शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी आहे आणि प्रत्येक दहा मिनिटांनी कोणीतरी नव्याने पकडले जाते. जाणीवपूर्वक भडक केले असे म्हटले की कोणत्याही दोषाचे समर्थन करता येते. तुम्ही ज्याला शैली म्हणता तिच्यातील किती भाग खरोखर शैली आहे आणि किती भाग आठवणींचा लेप आहे, हे वेगळे कसे करणार? फॉन सिडो यांच्याविषयी मात्र दुमत नाही.

केळेवाडीचा प्रेक्षक

पार्लेपूर्व यांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तारा दिसणे हा दोष आहे, ही समजूत मुळात चित्रपटाच्या एका विशिष्ट प्रकारातून आलेली आहे. आमच्यासारख्या, साहित्य संघात आईवडिलांबरोबर नाटके पाहत वाढलेल्या मुलांना रंगवलेला पडदा हा रंगवलेला आहे हे कळत होते आणि तरीही तो राजवाडा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याची सवय आपल्या प्रेक्षकाला फार जुनी आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या आणि प्रेक्षकांनी दोघांनाही नमस्कार करण्यात काही अडचण मानली नाही. नंतरच्या पौराणिक चित्रपटांत देव आकाशातून येत, बाण हवेत एकमेकांना अडवत, आणि ती युक्ती आहे हे आमच्या आजीलाही ठाऊक असे. पंखवाले लोक तारेवर लोंबकळत लढाईला निघतात तेव्हा मला तारेचा त्रास झाला नाही, याचे कारण मी भाबडा होतो असे नाही. मला त्या करारावर सही करण्याचा सराव होता.

हा करार एका अटीवर चालतो. मंचावरच्या माणसाने तो मोडता कामा नये. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी चेटकीण साकारली. मोठा, मुरलेला नट लहान मुलांच्या नाटकात चेटकीण होतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन वाटा असतात. मुलांच्या डोक्यावरून पालकांकडे पाहून डोळा मारावा, की हे सगळे किती पोरकट आहे ते आपल्याला कळते आहे. किंवा चेटकीण व्हावे. पहिली वाट सोपी आहे आणि मुलांना ती ताबडतोब ओळखू येते. आजकाल अनेक साहसपटांत नायक संकटात असतानाही स्वतःच्या संकटावर कोटी करतो आणि प्रेक्षकांना 'आपण सगळे शहाणे आहोत' असा दिलासा देतो. त्यात मला जो रितेपणा जाणवतो, तो फ्लॅश गॉर्डनमध्ये जाणवत नाही. डॉ. झार्कोव झालेले टोपोल पाहा. त्यांच्या मेंदूतील स्मृती पुसल्या जातात आणि नंतर ते सांगतात की पुसणे चालू असताना शेक्सपिअर, ताल्मुद, आइन्स्टाइनची सूत्रे आणि बीटल्सचे एक गाणेसुद्धा मनात घोकून त्यांनी स्वतःला वाचवले. संवाद हास्यास्पद आहे. पण टोपोल तो ज्या अभिमानाने म्हणतात, त्यात माणसाच्या डोक्यात साठलेल्या संस्कृतीविषयी खरे प्रेम आहे, आणि मला तेथे प्रत्येक वेळी थोडे भरून येते.

आता नायकाविषयी. सॅम जोन्स लाकडी आहेत, हे मान्य. चित्रीकरणानंतर निर्मात्यांशी त्यांचे बिनसले आणि त्यांचे पुष्कळसे संवाद दुसऱ्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले, त्यामुळे चेहरा आणि आवाज यांची गाठ पडत नाही, ही खरी उणीव आहे. परंतु ज्या माणसाने स्वतःचेच नाव छापलेला बनियनवजा सदरा घातला आहे, त्याच्याकडून मनोविश्लेषणाची अपेक्षा करणेही बरोबर नाही. तो सरळ, दयाळू आणि थोडा मंद आहे. मोंगोवर सर्वजण एकमेकांच्या पाठीत सुरा खुपसण्याच्या तयारीत असताना त्याचा तो सरळपणाच कथेला पुढे नेतो. वनवासींचा राजपुत्र बारिन त्याला ठार मारायला निघालेला असताना फ्लॅश त्याचा जीव वाचवतो आणि तेथून सगळे फिरते.

ठाकुरद्वारकर

केळेवाडीचा प्रेक्षक, मला जे म्हणायचे होते ते तुम्ही माझ्यापेक्षा स्पष्ट म्हटले आहे. चेटकिणीचे उदाहरण आता पुतण्याला ऐकवणार आहे.

भायखळा_पूल

चर्चा फार वरच्या पातळीवर चालली आहे, म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. त्या झाडाच्या बुंध्याची भीती आणखी कोणाला बसली होती का? वनवासींच्या राज्यात पौगंडावस्थेतील मुलांना एका पोकळ बुंध्याच्या भोकांत हात घालावा लागतो आणि आत विषारी प्राणी दबा धरून बसलेला असतो. चित्रपट पाहिल्यानंतर आमच्या इमारतीच्या जिन्याखालील लाकडी टपालपेट्यांत हात घालायला माझी बहीण तयार होत नसे. महिनोन्‌महिने पत्रे आणायचे काम माझ्याकडे आले. क्लायटस काट्यांवर पडून मरतो तेव्हा मुखवट्याच्या भोकांतून जे बाहेर येते, त्याविषयी तर लिहितही नाही.

किंग्जसर्कल

मलाही बसली होती. तो प्रसंग आजही उत्तम आहे, कारण त्यात जवळजवळ काहीच दाखवलेले नाही. एक बुंधा, एक हात आणि टिमथी डाल्टन यांचा चेहरा, एवढ्यावर सगळे उभे आहे. डाल्टन १९८७ साली जेम्स बाँड झाले तेव्हा आमच्या गटात ते 'बुंध्यातला बारिन' म्हणूनच ओळखले गेले.

काळाघोडा

संगीताचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण माझ्या लेखी हा चित्रपट प्रथम ऐकण्याचा आहे आणि नंतर पाहण्याचा.

संगीत क्वीन या बँडचे आहे आणि वाद्यवृंदाचा भाग हॉवर्ड ब्लेक यांचा. शीर्षकगीत ब्रायन मे यांनी लिहिले. एकाच स्वरावर छातीच्या ठोक्याप्रमाणे पडत राहणारा तो आघात सुरू झाला की पडद्यावर काय आहे याला महत्त्व उरत नाही. शीर्षकांच्या मागे रेमंड यांच्या शैलीतील चित्रचौकटी वेगाने सरकत असतात आणि पुढच्या दोन तासांचा सूर पक्का होतो. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊसमध्ये मला या संगीताची कॅसेट मिळाली होती. दुकान २०१६ साली बंद झाले. त्या कॅसेटची खुबी अशी की गाण्यांच्या मध्येमध्ये चित्रपटातील संवाद पेरलेले होते. त्यामुळे व्हीसीआर नसलेल्या आमच्यासारख्या घरात संपूर्ण चित्रपट पुन्हा पुन्हा 'पाहण्याची' ती एकमेव सोय होती. पंखवाल्यांचा प्रमुख वल्टन झालेल्या ब्रायन ब्लेस्ड यांचे गडगडाटी संवाद मी चित्र न पाहताच पाठ केले.

येथे आपल्या मातीशी जोडणारा एक धागा आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बुलसारा. तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तेथे त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. त्याचे नातेवाईक मुंबईत होते आणि सुट्टीत तो येथे येत असे. या चित्रपटात दरबारातील त्या फुटबॉलवजा हाणामारीचे संगीत त्याचे आहे, आणि मिंगची मुलगी राजकन्या ऑरा मृत फ्लॅशला जिवंत करते त्या प्रसंगाचेही. पार्लेपूर्व यांना ती हाणामारी स्नेहसंमेलनासारखी वाटली. त्यांनी ती एकदा डोळे मिटून ऐकावी. सिंथेसायझर ज्या बेदरकारपणे धावतो, त्यावरून संगीतकाराने प्रसंग किती आनंदाने आणि किती मनापासून घेतला होता हे कळते. केळेवाडीचा प्रेक्षक यांनी अभिनयाविषयी जे म्हटले तेच मी संगीताविषयी म्हणेन. क्वीनने विनोदी चित्रपटाला विनोदी संगीत दिले असते तर सगळा डोलारा कोसळला असता. त्यांनी जग वाचवण्याच्या प्रसंगाला जग वाचवण्याचेच संगीत दिले.

हिरवा_पडदा

मी गोरेगावात दृश्यपरिणामांच्या एका स्टुडिओत काम करतो, त्यामुळे तारांच्या मुद्द्यावर थोडी भर घालणे माझे कर्तव्य समजतो.

मोंगोच्या आकाशात जे जांभळे, तांबडे, पिवळे लोट फिरताना दिसतात, ते पाण्याच्या टाकीत रंग सोडून टिपलेले आहेत. त्या काळी ही पद्धत रूढ होती. टाकीत साधारणपणे खाली खारट, म्हणजे जड पाणी आणि वर गोडे पाणी असे थर केले जातात. नळीने रंग सोडला की तो थरांच्या सीमेवर पसरतो, फुगतो आणि ढगासारखा दिसतो. कॅमेरा जलद गतीने फिल्म ओढतो, त्यामुळे पडद्यावर ती हालचाल संथ होते आणि हाताएवढा रंगाचा फुगारा आभाळाएवढा वाटतो. नंतर अंतराळयाने आणि माणसे वेगळी टिपून ऑप्टिकल प्रिंटर या फिल्मवर फिल्म छापणाऱ्या यंत्रावर त्या आकाशावर बसवली जात. प्रत्येक थरागणिक फिल्मची नवी प्रत निघे, कडांना रेषा उमटत, आणि त्या रेषा पुसण्याचा आज आहे तसा सोपा मार्ग नव्हता. झिजलेल्या कॅसेटवर या रेषा मुळीच दिसत नसणार. नव्या प्रतीत त्या लख्ख दिसतात. तेव्हा पुतण्याने पाहिलेला चित्रपट आणि काकांनी पाहिलेला चित्रपट हे दोन निराळे चित्रपट आहेत, असे मी तांत्रिक अर्थानेच म्हणेन.

माझ्या व्यवसायात आम्ही सकाळ-संध्याकाळ खरेपणाच्या मागे असतो. धूर खरा हवा, केस खरे हवेत, पाण्याचे शिंतोडे खरे हवेत. अशी दृश्ये लवकर जुनी होतात, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी अधिक खरे करून दाखवतो. रंगाच्या टाकीतील ते आकाश कोणत्याही खऱ्या आकाशाची नक्कल करत नाही, म्हणून ते मागे पडलेले नाही. पंखवाल्यांच्या चढाईचा प्रसंग मात्र मला अर्धाच आवडतो. दुरून टिपलेल्या चौकटी अप्रतिम आहेत, पण जवळून टिपलेल्या चौकटींत नट जागच्या जागी झुलतात आणि फ्लॅशचे ते उडते वाहन कोठेही जात असल्यासारखे वाटत नाही. तेथे पार्लेपूर्व यांच्याशी सहमत.

पार्लेपूर्व

काळाघोडा यांच्या सांगण्यावरून हाणामारीचा प्रसंग डोळे मिटून ऐकला. संगीत खरोखर सुरेख आहे; डोळे उघडल्यावर स्नेहसंमेलन परत आले.

पण माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याच्याकडे अद्याप कोणी वळले नाही. मिंग हे नाव, त्या लोंबत्या मिशा, ते झगे, ती लांब नखे हे सर्व १९३४ सालच्या अमेरिकेत पूर्वेकडच्या माणसाविषयी असलेल्या भीतीतून आलेले आहे. चित्रपटाने ते जसेच्या तसे उचलून एका स्वीडिश नटाच्या चेहऱ्यावर चढवले. राजकन्या ऑराच्या हातातील साखळीला बांधलेला जो बुटका सेवक आहे, ज्याचे नाव फेलिनी ठेवून निर्मात्यांनी एक इटालियन विनोद करून घेतला, ती भूमिका दीप रॉय यांनी केली आहे. नैरोबीत जन्मलेला भारतीय वंशाचा नट. गिरगावातील मुलांनी फ्लॅशच्या बाजूने टाळ्या वाजवल्या, पण त्या चित्रपटाच्या नकाशात गिरगाव कोणत्या बाजूला होते, याचाही विचार व्हावा.

किंग्जसर्कल

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला शैलीच्या आड लपवता येणार नाही. रेमंड यांच्या सुरुवातीच्या पट्ट्यांत तर मिंगची कातडी पिवळी रंगवलेली आहे. चित्रपटाने रंग सोडला आणि बाकीचे ठेवले. वेताळाच्या अंकांतही हेच होते: जंगलातील हजारो माणसे आणि त्यांना सांभाळणारा एक गोरा. आम्ही ते मराठीत वाचले आणि आपण वेताळाच्या गुहेत आहोत असे समजलो. मी संग्रह टाकून दिलेला नाही, देणारही नाही, परंतु भाचीला अंक वाचायला देताना ही गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले की मग मिंगच्या ग्रहावरचे बाकीचे लोक त्याच्याविरुद्ध का आहेत. यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. चित्रपटात मिंगची सत्ता पृथ्वीवरच्या माणसाने एकट्याने उलथवलेली नाही. ऑरा बापाच्या विरोधात जाते, बारिन आणि वल्टन वैर सोडतात, आणि फ्लॅश हा त्यांना एकत्र आणणारा निमित्तमात्र. याने मिशा पुसल्या जात नाहीत, पण कथा नुसत्या मिशांएवढीही राहत नाही.

केळेवाडीचा प्रेक्षक

ऑराविषयी एक वाक्य अधिक. ओर्नेला मूती यांनी साकारलेली ही राजकन्या या चित्रपटातील एकमेव व्यक्ती आहे, जी आरंभी एक असते आणि शेवटी दुसरी होते. बाकी सर्व पहिल्या चौकटीत जसे असतात तसेच शेवटच्या चौकटीत राहतात. पार्लेपूर्व यांनी पुन्हा पाहिला तर फ्लॅशकडे लक्ष न देता केवळ तिच्याकडे पाहावे. कथा पुष्कळ सुसंगत वाटेल.

भायखळा_पूल

माझा आणखी एक साधा प्रश्न. शेवटी मिंग नाहीसा होतो, त्याची अंगठी जमिनीवर पडलेली असते, एक हात ती उचलतो, मिंगचे हसू ऐकू येते आणि 'समाप्त' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह येते. तो हात कोणाचा? आमच्या इमारतीत यावरून दोन तट होते.

ठाकुरद्वारकर

चित्रपटाने हे सांगितलेले नाही आणि पुढचा भाग कधी निघालाच नाही, त्यामुळे दोन्ही तट अजून जिवंत आहेत असे समजायला हरकत नाही. आमच्या चाळीतील बहुमत क्लायटसच्या बाजूने होते. तो काट्यांवर पडून मेलेला सर्वांनी पाहिला होता, तरी मुखवट्याखाली नेमके कोण होते हे कोणी पाहिले नव्हते, असा आमचा युक्तिवाद असे. दुसरा पक्ष म्हणत असे की हात मिंगचाच आहे. यानाचे टोक छातीत घुसलेला माणूस सावकाश अंगठी रोखून स्वतःला नाहीसा करतो, म्हणजे तो मेला नाही, निघून गेला. आता पुन्हा पाहिल्यावर मी दुसऱ्या पक्षात गेलो आहे. फॉन सिडो त्या क्षणी वेदना दाखवतात, आश्चर्य दाखवतात, पण पराभव दाखवत नाहीत. अंगठीकडे पाहताना त्यांची नजर पुढचा बेत आखणाऱ्या माणसाची आहे. पुतण्याचे मत विचाराल तर तो हात सेटवरच्या सामान आवरणाऱ्या कामगाराचा आहे.